सातबाऱ्यावरचे नाव आणि एफआयआरमधले नाव

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री सव्वानऊच्या सुमारास गावाकडच्या धाकट्या चुलत भावाचा फोन आला. "दादा, खालच्या शेतात पोलीस आलेत. कपाशीत गांजा निघाला म्हणतात. सातबारा तुझ्या नावावर आहे, तू आजच वकील बघ." मी तेव्हा पुण्यात घरी जेवायला बसलो होतो. पुढचे साडेतीन महिने या फोनने व्यापले. आता माझ्यापुरते प्रकरण बरेचसे मिटले असल्यामुळे जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. शहरात राहून गावची जमीन दुसऱ्याला कसायला देणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर निदान पहिले चार दिवस तरी त्याने माझ्याइतके भांबावून जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

जमिनीची पार्श्वभूमी आधी सांगतो, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली. खानदेशातले आमचे शेत १ हेक्टर ८० आर, वडील गेल्यावर वारस नोंदीने माझ्या नावावर आले. सहा वर्षांपासून ते गावातल्याच एका ओळखीच्या माणसाकडे निम्म्या बटाईने होते. त्याला इथे मी फक्त वाटेकरी म्हणेन. बियाणे, खत आणि फवारणीचा खर्च निम्मा-निम्मा, उत्पन्नही निम्मे, आणि कागद एकही नाही. हा निष्काळजीपणा नव्हता, ठरवून केलेली गोष्ट होती. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ४ नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला, म्हणजे कसणारी कुळे मालक ठरली त्या दिवशी, जमिनी गेलेल्यांच्या गोष्टी आमच्या घरात आजही सांगितल्या जातात. त्यामुळे "कागद करायचा नाही" हा वडिलांचा दंडक मीही पाळला. सातबाऱ्यावर वहिवाट माझी, पीक माझे आणि कसणारा मीच. त्या रात्रीपर्यंत मला यात शहाणपण दिसत होते.

रात्री झोप लागली नाही. पहाटे दोनच्या सुमारास मी फोन हातात घेऊन वाटेकऱ्याबरोबरचे सगळे व्हॉट्सॲप संदेश पुसून टाकायला निघालो होतो. त्यात वावगे काही नव्हते, पण घाबरलेला माणूस असाच वागतो. पत्नीने फोन काढून घेतला आणि सकाळपर्यंत दिला नाही. नंतर वकिलांनी सांगितले की त्या रात्री ते संदेश पुसले असते, तर माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा मीच नष्ट केला असता आणि तसे करणे हेच माझ्याविरुद्ध संशयाचे कारण ठरले असते.

१८ तारखेला रात्रीच्या बसने निघालो. १९ ला शनिवारी सकाळी जिल्ह्याच्या गावी वकिलांच्या कार्यालयात पोहोचलो, तोवर त्यांनी एफआयआरची प्रत मिळवली होती. कपाशीच्या ओळींत, तुरीच्या आडोशाने लावलेली ४१ झाडे, मुळांसकट उपटून केलेले वजन १४ किलो ६०० ग्रॅम, दोन पंच, छायाचित्रे. आरोपी क्रमांक १ वाटेकरी, अटकेत. आरोपी क्रमांक २ मी, "शेतमालक". स्वतःचे नाव त्या रकान्यात छापलेले पाहिल्यावर नेमके काय वाटले ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी ते नाव तीनदा वाचले आणि मधले नाव चुकीचे लिहिले आहे हे वकिलांना दाखवत बसलो, जणू त्यामुळे काही फरक पडणार होता.

वकिलांनी मग कायदा समजावून सांगितला. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २० नुसार गांजाच्या झाडाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही शिक्षा लावणाऱ्याची. मालकासाठी कलम २५ आहे. घर, खोली, आवार, जागा किंवा वाहन यांचा मालक किंवा ताबेदार जर ते दुसऱ्याला या कायद्याखालील गुन्ह्यासाठी जाणीवपूर्वक वापरू देत असेल, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्याला. मालकाला कमी, करणाऱ्याला जास्त, अशी प्रतवारी नाही. माझी समजूत अशी होती की फार तर दंड भरावा लागेल. ती समजूत त्या खुर्चीतच संपली.

"पण मला माहीतच नव्हते," मी म्हणालो. वकिलांनी कलम ३५ काढून दाखवले. या कायद्याखालच्या खटल्यात आरोपीची दोषी मनःस्थिती, म्हणजे हेतू, ज्ञान, समजूत हे सगळे, न्यायालय गृहीत धरते, आणि ते तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते, तेही "असे असणे जास्त संभवते" एवढ्यावर नव्हे, तर वाजवी संशयापलीकडे. मालकाने जागा वापरू दिली हे आधी सरकार पक्षाला दाखवावे लागते, हे खरे. पण तिथपर्यंत गोष्ट आली की "मला माहीत नव्हते" हे वाक्य पुरत नाही, त्याला कागद लागतो. आणि मी तर सहा वर्षे कागद होऊ नये याचीच काळजी घेतली होती. कूळकायद्याच्या भीतीने वाटेकऱ्याला कागदावरून जितके पुसून टाकले, तितका त्या शेतातल्या प्रत्येक झाडाचा लावणारा मीच ठरत होतो.

आणखी एक कलम मला पूर्णपणे नवीन होते. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत गांजा, अफू किंवा कोकाची बेकायदा लागवड असल्यास प्रत्येक जमीनधारकाने पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला तात्काळ कळवले पाहिजे, आणि जाणूनबुजून न कळवणारा शिक्षेस पात्र ठरतो. कलम ४७ हीच जबाबदारी सरकारी अधिकाऱ्यांबरोबर सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही टाकते. त्यामुळे आमच्या पोलीस पाटलांचीही चौकशी झाली, आणि गावात माझ्याकडे रागाने पाहणाऱ्यांत एकाची भर पडली.

दिलासा एकच होता. गांजाची व्यापारी मात्रा २० किलोची. आमचे प्रकरण त्याखाली असल्यामुळे कलम ३७ च्या जामिनाच्या अत्यंत कडक अटी लागू होत नव्हत्या. शिवाय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे; शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. मुळे, खोड आणि ओली माती यांच्यासह केलेल्या वजनावर वाद घालता येतो, असे वकील म्हणाले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी पंचनाम्यात वजन कशाचे आणि कसे केले हे ओळ न ओळ वाचावे.

सोमवारी, २१ ऑक्टोबरला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली विशेष न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल झाला. जुन्या संहितेत हेच कलम ४३८ होते. कारकुनापासून पोलिसांपर्यंत सगळे अजून "चारशे अडतीस" असेच म्हणत होते. वकिलांची फी या टप्प्यासाठी ४०,००० रुपये ठरली. तात्पुरते संरक्षण मिळाले, पण सरकार पक्षाचे म्हणणे येण्यासाठी तारीख पडली, मध्ये दिवाळीची सुट्टी आली, त्यात विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ तारखेलाच लागली होती आणि तपासी अधिकारी बंदोबस्तात अडकले होते. ती दिवाळी आम्ही पुण्यात पणत्या लावून साजरी केली खरी, पण दारावरची बेल वाजली की आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत असू.

या मधल्या काळात कागद गोळा केले. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते निकाल इथेच लागला. सहा वर्षांचे बँकेचे उतारे काढले. वाटेकऱ्याने दरवर्षी कापूस विकल्यावर पाठवलेली रक्कम आणि मी पाठवलेला बियाण्याचा व खताचा निम्मा खर्च त्यात दिसत होता. व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या चुलत भावाने शोधून दिल्या. त्यांवर माल आणणारा म्हणून वाटेकऱ्याचे नाव होते, माझे नव्हते. खरिपाची ई-पीक पाहणी वाटेकऱ्यानेच त्याच्या मोबाईलवरून केली होती, तिची नोंद तलाठ्यांकडून घेतली. माझ्या कार्यालयाकडून जून ते ऑक्टोबरच्या हजेरीचा दाखला घेतला. व्हॉट्सॲप संदेशांच्या छापील प्रती काढून त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले, कारण त्याशिवाय नुसत्या छापील प्रतींना न्यायालयात किंमत नसते. ज्या कागदांना मी सहा वर्षांत हिशेबाचे चिटोरे समजत होतो, त्यांनी मिळून तोंडी बटाईचा लेखी पुरावा तयार केला. गंमत अशी की कूळ असल्याचा दावा करायला वाटेकऱ्यालाही नेमके हेच कागद उपयोगी पडले असते. वकिलांना मी ते बोलून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, आधी तुरुंगाचे बघू, मग जमिनीचे."

१२ नोव्हेंबरला अटकपूर्व जामीन मंजूर झाला. २५,००० रुपयांचा जातमुचलका, तितक्याच रकमेचा एक जामीनदार, बोलावतील तेव्हा हजर राहणे आणि साक्षीदारांशी संपर्क न करणे या अटी होत्या. जामीनदार म्हणून मामेभाऊ उभे राहिले, त्यांच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात दोन दिवस गेले. हा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. १४ तारखेला पोलीस ठाण्यात औपचारिक अटक दाखवून मला सोडण्यात आले. बोटांचे ठसे, छायाचित्र, उंची, शरीरावरच्या खुणा. तीन तास लागले. कोणी वाईट बोलले नाही, उलट एका हवालदारांनी चहा मागवला, पण शाईची बोटे घेऊन बाहेर आल्यावर मला रिक्षावाल्याला पैसे देतानाही लाज वाटत होती.

खरी चौकशी मतदान झाल्यावर, २५ नोव्हेंबरला झाली. सहायक पोलीस निरीक्षकांनी माझा फोन पंचांसमक्ष पाहिला आणि २२ सप्टेंबरच्या एका छायाचित्रावर थांबले. फवारणीचा निम्मा खर्च मागण्यासाठी वाटेकऱ्याने लाल पडलेल्या कपाशीचे छायाचित्र पाठवले होते. त्यांनी ते मोठे केले. कपाशीच्या मागे, तुरीच्या बाजूला, हाताच्या पंज्यासारख्या पानांची सात-आठ उंच झाडे दिसत होती.

"हे काय दिसते तुम्हाला?"

"अंबाडी," मी म्हणालो, आणि ते खरे होते. ते छायाचित्र आले तेव्हा मला ती अंबाडीच वाटली होती, किंबहुना मी तिकडे नीट पाहिलेच नव्हते. आमच्याकडे कपाशीच्या कडेने अंबाडी लावायची रीत जुनी आहे, दोरासाठी आणि भाजीसाठी. अधिकारी हसले. हे उत्तर त्यांनी याआधी ऐकले असावे. वकिलांनी दुसऱ्या दिवशी लेखी म्हणण्यात नमूद केले की अंबाडीचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे पानांच्या सारखेपणावरून गांजाच्या नावाशी जोडलेले आहे, आणि इंग्रजीत तिला डेक्कन हेम्प म्हणतात. जवळून पाहिले तर फरक स्पष्ट असतो. अंबाडीचे पान एकच असून त्याला खोल कापे असतात, गांजाच्या पानात सुट्या पर्णिका देठाच्या टोकाशी एकत्र येतात, आणि अंबाडीला मोठी फिकट पिवळी फुले येतात. पण मोबाईलच्या पडद्यावर, दूरच्या कोपऱ्यात, पुण्याच्या लोकलच्या गर्दीत उभा राहून ते पाहणाऱ्याला हा फरक कळेल का, एवढाच प्रश्न होता.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "तुम्हाला कोणी काही सांगितले होते का?" सप्टेंबरमध्ये गणपतीच्या दिवसांत चुलत भाऊ फोनवर म्हणाला होता, "दादा, एकदा येऊन शेत बघून जा." मी "दिवाळीत येतोच आहे" म्हणून विषय संपवला होता. त्याने गांजा हा शब्द उच्चारला नव्हता. मीही "का रे?" असे विचारले नव्हते. मी वकिलांना हे आधीच सांगितले होते आणि त्यांनी एकच सल्ला दिला होता की विचारले तर खरे सांगा, कारण भावाचाही जबाब होणार आहे. मी सांगितले. भावाने त्याच्या जबाबात म्हटले की त्याला फक्त बांधावरून रात्री माणसांची ये-जा दिसत होती. आमचे दोघांचे म्हणणे जुळले ते ठरवून नव्हे, घडले तसे सांगितल्यामुळे. तरीही त्या फोनबद्दल मी आजपर्यंत स्वतःला पूर्ण निर्दोष मानू शकलेलो नाही. माहीत नसणे आणि माहिती करून घ्यायचा कंटाळा करणे यांत अंतर आहे, पण ते मी समजत होतो तितके मोठे नाही.

दरम्यान कपाशी फुटून ओघळू लागली होती. पोलिसांनी फक्त गांजाची झाडे उपटली होती, कापूस तसाच होता, आणि वाटेकरी तुरुंगात. त्याची पत्नी वेचणीसाठी परवानगी मागायला माझ्या चुलत भावाकडे आली. माझ्यावर साक्षीदारांशी न बोलण्याची अट, त्यामुळे मी थेट उत्तरही देऊ शकत नव्हतो. वकिलांनी पोलीस ठाण्यात पत्र दिले की पंचनामा पूर्ण झाला असल्याने उभे पीक काढण्यास हरकत आहे का ते कळवावे. लेखी उत्तर आले नाही, तोंडी "काढा" असे सांगण्यात आले. पत्राच्या पोहोचेवर शिक्का मात्र आम्ही मारून घेतला. अशा प्रत्येक पत्राची पोहोच घ्यावी. नऊ क्विंटल कापूस निघाला, त्यातला निम्मा तिला दिला. वाटेकऱ्यावर माझा राग आहे आणि राहील, पण वेचणीचा घाम तिचा होता.

१२ डिसेंबरला, वाटेकऱ्याच्या अटकेच्या छप्पन्नाव्या दिवशी, रासायनिक विश्लेषणाच्या अहवालासह दोषारोपपत्र दाखल झाले. ते फक्त आरोपी क्रमांक १ विरुद्ध होते. माझ्याबाबत पुरेसा पुरावा नसल्याचा अहवाल संहितेच्या कलम १८९ खाली सोबत जोडलेला होता. वकिलांचा फोन आला तेव्हा मी सभेत होतो, बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. पण अहवाल दिला म्हणजे विषय संपला असे नव्हे, न्यायालयाने तो स्वीकारावा लागतो. दोन तारखांनंतर तो स्वीकारला गेला आणि ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली. साक्षीदारांच्या यादीत मी सातवा आहे. खटला चालू आहे, आणि साक्षीत माझ्याविरुद्ध काही निघाले तर कलम ३५८ खाली न्यायालय मला पुन्हा आरोपी म्हणून बोलावू शकते, ही सूचना वकिलांनी प्रत देतानाच दिली. फी, प्रवास, मुक्काम, प्रती आणि दाखले मिळून एकूण खर्च ८८,००० रुपयांच्या आसपास झाला. बुडालेल्या अकरा रजा वेगळ्या.

शेत विकावे असे पत्नीचे मत होते. मी तयार झालो नाही. कूळकायद्याच्या त्याच कलम ४ मध्ये मजुरीवर काम करणारा नोकर कूळ ठरत नाही, म्हणून आमच्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सालदार ठेवायचे ठरवले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, वर्षाचे साल ठरले, आणि या वेळी ते मुद्रांक कागदावर लिहिले. वार्षिक मजुरी किती, पगार दरमहा बँकेतून, पीक कोणते घ्यायचे ते मालकाच्या लेखी सांगण्याप्रमाणे, संशयास्पद झाड दिसल्यास त्याच दिवशी कळवायचे. सालदार वाचून म्हणाला, "भाऊ, एवढं लिहिलंय, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही." मी त्याला एफआयआरची प्रत दाखवली. तो काही बोलला नाही, सही केली.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी शेतावर जातो, चारही बांधांवरून फिरतो आणि तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रे काढून ठेवतो. जूनमध्ये सालदाराने विचारले की कपाशीच्या कडेने नेहमीप्रमाणे अंबाडी टाकायची का. यंदा राहू दे म्हणालो.